बॉबस्लेवाली ह्वाई मिंगमिंग – सहावी आली म्हणून विसरायची का?

मुक्ता_सांगली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते.

मी शाळेत पीटी शिकवते, आठवी-नववीच्या मुलींची कबड्डी आणि ॲथलेटिक्स माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात पावसाने ग्राउंडचा पार चिखल झालेला, म्हणून मुलींना वर्गात बसवलं आणि प्रोजेक्टरवर २०२२ च्या बीजिंग विंटर ऑलिम्पिकमधली बायकांची मोनोबॉबची रेस लावली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – बॉबस्ले म्हणजे बर्फाच्या वळणावळणाच्या नळीतून खाली सुसाट येणारी गाडी, आणि मोनोबॉब म्हणजे ती एकटीने चालवायची. आधी पळत पळत ढकलायची, मग उडी मारून आत बसायचं, खालपर्यंत वळवत न्यायची आणि शेवटी ब्रेकपण आपणच मारायचा. गाडीच बाईच्या वजनाच्या दुपटीहून जड असते.

माझी एक विद्यार्थिनी, खो-खो खेळते, पटकन म्हणाली, "मॅडम, ढकलताना गाडी पुढे निघून गेली तर?" सगळा वर्ग गप्प. मी पुन्हा मागे घेऊन हळू स्पीडला दाखवलं, शेवटचं पाऊल बर्फावरून सुटतं आणि हात अजून दांड्यावर असतो तो क्षण. मुली श्वास धरून बघत होत्या.

त्या रेसमध्ये चीनची ह्वाई मिंगमिंग होती. घरच्या ट्रॅकवर, वीस जणींत सहावी आली. मेडल नाही, त्यामुळे नंतर तिचं नाव कुठे फारसं ऐकू आलं नाही. त्या ऑलिम्पिकमध्ये चीनला ९ सुवर्ण धरून १५ मेडल मिळाली, सगळीकडे स्कीइंगवाल्या आयलीन गूचे फोटो, आणि ते योग्यच आहे, तिने दोन सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. पण जिच्या देशात त्याच्या सात वर्षं आधी बॉबस्लेची टीमच नव्हती, ती बाई जगात सहावी येते हे मला फार मोठं वाटतं. तुम्हाला काय वाटतं? अशा खेळाडूचं करिअर यशस्वी म्हणायचं की नाही?

गारवा
मस्त विषय! आपल्याकडे विंटर ऑलिम्पिकवर धागा म्हणजे दुर्मिळच. मी पहिली जागा धरून बसतो.

तटस्थ
मुक्ताताई, भावना समजल्या, पण थोडं स्पष्ट बोलतो. चीनने ट्रॅक बांधला तो स्वतःसाठी. कोविडमुळे बाहेरच्या खेळाडूंना तिथे फार थोडा सराव मिळाला आणि चिनी खेळाडू मात्र त्याच ट्रॅकवर पुन्हा पुन्हा उतरत होते. बॉबस्लेमध्ये प्रत्येक वळण पाठ असणं हाच निम्मा खेळ. एवढं सगळं असून सहावा नंबर, मग ते यश कसं? आमच्या गावच्या शर्यतीत घरच्या रस्त्यावर बैल सहावा आला तर मालक तोंड लपवतो.

शांघायरिटर्न
तटस्थ, बैलाचं उदाहरण इथे लागू नाही कारण त्या बैलाच्या बापजाद्यांनी तोच रस्ता तुडवलेला असतो. इथे मागे कोणीच नव्हतं.

जरा क्रम बघा. ३१ जुलै २०१५ ला क्वालालंपूरमध्ये मतदान झालं, बीजिंगने अल्माटीला ४४ विरुद्ध ४० असं हरवून यजमानपद मिळवलं. चीनमध्ये बॉबस्लेची टीम उभी राहायला सुरुवात झाली ती त्यानंतर. २०१८ ला प्योंगचांगला चीनची बॉब पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये उतरली, तीही फक्त पुरुषांची. म्हणजे बायकांसाठी बीजिंग हेच पहिलं ऑलिम्पिक. आणि तिथे एक नाही, दोघी पहिल्या दहात, ह्वाई सहावी आणि यिंग छिंग नववी.

जाता जाता, चिनी नावात आडनाव आधी येतं, म्हणजे ह्वाई हे आडनाव आणि मिंगमिंग हे नाव. आणि ट्रॅक ज्या भागात आहे त्याचा उच्चार यानछिंग, आपल्याकडे बातम्यांत 'यानक्विंग' म्हणतात ते चुकीचं आहे.

रेवती के
उच्चाराबद्दल धन्यवाद, मी आतापर्यंत 'क्विंग'च म्हणत होते.

इसारकाठी
मी म्युनिकला राहतो, तर माझा अनुभव सांगतो, म्हणजे 'गाडीत बसून खाली यायचं, त्यात काय एवढं' असं कोणाला वाटत असेल तर थोडी कल्पना येईल.

ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळ इग्ल्स म्हणून ट्रॅक आहे, तिथे पैसे भरून पाहुण्यांना बॉबमध्ये बसवतात, पुढे खरा पायलट असतो, आपण मागे नुसतं गच्च धरून बसायचं. ऑफिसातले चौघे गेलो होतो. हेल्मेट घातलं, गुडघे पुढच्याच्या कमरेला चिकटवले, मान खांद्यात घालून बसा असं सांगितलं. पहिली दोन वळणं मजा वाटली. तिसऱ्यापासून डोकं आपोआप खाली गेलं आणि वर उचलता येईना, कोणीतरी पाठीवर तांदळाचं पोतं टाकल्यासारखं. चौदा वळणं आहेत असं वाचून गेलो होतो आणि मोजणार होतो, पाचनंतर मोजणंच विसरलो. काही दिसत नाही, फक्त आवाज, पत्र्याच्या शेडवर गारा पडल्यासारखा. मिनिटभरात संपलं. उतरलो तेव्हा पाय थरथरत होते आणि माझा मित्र हेल्मेट न काढताच बाकावर बसून राहिला.

आता विचार करा, याच अवस्थेत पायलट पुढे बघून, दोन हातांत दोन दोऱ्या धरून गाडी वळवत असते. स्टिअरिंग व्हील नसतं हो! दोन कड्या, त्यांना दोऱ्या, त्या दोऱ्या पुढच्या पात्यांना. हात जरा जास्त ओढला तर गाडी भिंतीला घासते आणि वेळ गेली. आणि वेळ मोजतात शंभराव्या भागात.

म्हणून तटस्थ, वळणं पाठ असली तरी ती त्या पोत्याखाली बसून आठवावी लागतात.

तटस्थ
@इसारकाठी, वर्णन भारी आहे. मान्य, खेळ अवघड आहे. पण तो वीसही जणींना अवघडच होता ना.

गारवा
पोत्याखाली बसून पाढे म्हणायचे. बारावीची ओरल आठवली 😀

हिमशिखर
तटस्थांचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. घरच्या ट्रॅकचा फायदा असतोच, प्रत्येक यजमान देशाला असतो. पण तिच्या पुढे कोण होत्या ते पण बघा.

पहिली कॅली हम्फ्रीज. २०१० आणि २०१४ ला कॅनडाकडून दोघींच्या बॉबमध्ये सुवर्ण, नंतर तिथल्या संघटनेशी वाद होऊन अमेरिकेकडे, नागरिकत्व मिळालं ऑलिम्पिकच्या जेमतेम दोन महिने आधी. दुसरी एलाना मायर्स टेलर, २०१० पासून प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये मेडल, आणि बीजिंगला पोचल्यावर कोविड झाला म्हणून विलगीकरणात अडकलेली, तिथून उठून रौप्य. तिसरी कॅनडाची क्रिस्टीन डी ब्रुइन. चौथी जर्मनीची लॉरा नोल्टे, जिने त्याच आठवड्यात दोघींच्या बॉबचं सुवर्ण नेलं. पाचवी ऑस्ट्रेलियाची ब्रियाना वॉकर. मग ह्वाई मिंगमिंग.

हम्फ्रीज चार रन (खाली येण्याच्या फेऱ्या) मिळून दीड सेकंदाहून जास्त फरकाने जिंकली, बॉबस्लेमध्ये हे अंतर म्हणजे मैलभर. पहिल्या दोघींचं नशीब बाजूला ठेवू, नुसता अनुभव मोजला तरी ह्वाईच्या कितीतरी पट आहे. पायलट तयार व्हायला वर्षं लागतात, ढकलणारी एक-दोन सीझनमध्ये तयार होऊ शकते पण चालवणारी नाही.

कोल्हापुरी_रस्सा
चीनचं कौतुक करायला आपल्याकडे जागा कमी पडली का? गलवानमधल्या सैनिकाच्या हातात त्यांनी मशाल दिली होती, आपण राजनैतिक बहिष्कार टाकला होता, विसरलात वाटतं.

मुक्ता_सांगली
@कोल्हापुरी_रस्सा, विसरले नाही. माझा चुलतभाऊ सैन्यात आहे, त्यामुळे तो राग घरात आम्हालाही आहे. पण मी सरकारबद्दल लिहीत नाहीये, एका बाईबद्दल लिहितेय जी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने एकटी खाली आली. तिची मेहनत तिची आहे.

हिमशिखर
आणि बहिष्कार अधिकाऱ्यांचा होता, आपला खेळाडू गेलाच होता. काश्मीरचा आरिफ खान, आपला एकमेव. गंमत म्हणजे तोही यानछिंगलाच होता, स्कीइंगचा डोंगर तिथलाच. १३ फेब्रुवारीला मोनोबॉबचे पहिले दोन रन झाले, त्याच दिवशी आरिफची जायंट स्लॅलम (झेंड्यांमधून वळत उतरायची स्कीइंगची शर्यत) होती, भर हिमवर्षावात, समोरचं दिसत नव्हतं आणि कितीतरी जण बाहेर पडले. आरिफ दोन्ही रन पूर्ण करून ४५वा आला. आम्ही घरी टाळ्या वाजवल्या होत्या. ४५व्या नंबरला टाळ्या आणि सहाव्याला 'मग काय झालं', हे जुळत नाही.

धावती_राधा
मी सहसा फक्त वाचते इथे, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

मी हर्डल्स करायचे, विद्यापीठ पातळीपर्यंत. एकविसाव्या वर्षी गुडघा गेला, सहा महिने घरी, परत आले तर वेळ पूर्वीसारखी येईना. आमचे सर मला म्हणाले, "झालं आता, लग्नाचं बघा." वाईट हेतूने नव्हते म्हणाले, त्यांच्या डोक्यात दुसरा रस्ताच नव्हता. माझ्यापण नव्हता. स्पाइक्स माळ्यावर गेले ते गेलेच.

नंतर कितीतरी वर्षांनी मला कळलं की बॉबस्लेवाले आमच्यासारख्यांनाच शोधत असतात. पहिले पन्नास मीटर जीव तोडून पळणारे, मांड्यांत ताकद असलेले. २००२ ला सॉल्ट लेक सिटीला बायकांचं बॉबस्ले पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं, तेव्हा सुवर्ण जिंकणारी व्होनेटा फ्लॉवर्स लांब उडीवाली होती. २००० च्या ॲथलेटिक्स ट्रायल्समध्ये तिची निवड झाली नाही आणि तिथेच बॉबस्लेच्या चाचणीचं पत्रक तिच्या नवऱ्याने पाहिलं. दोन वर्षांत विंटर ऑलिम्पिकची पहिली कृष्णवर्णीय सुवर्णविजेती. जर्मनीची अलेक्झांड्रा बुर्गहार्ट तर २०२१ ला टोकियोत धावली आणि सहा महिन्यांत बीजिंगला बॉबमध्ये रौप्य.

चीनने हेच काम सरकारी पातळीवर, फार मोठ्या प्रमाणावर केलं. ॲथलेटिक्समधून, इतर खेळांतून पोरं-पोरी गोळा केल्या, चाचण्या घेतल्या, बर्फावर नेऊन उभं केलं. मिंगमिंग ज्या टीममध्ये होती ती अशीच उभी राहिली. मला ती सहावी आली की साठावी याने फरक पडत नाही. 'तुझं इथे संपलं, पण तिकडे एक दार आहे' असं कोणीतरी सांगायला हवं होतं, एवढंच वाटतं.

रेवती के
राधा 🙏 शब्द नाहीत.

मुक्ता_सांगली
राधाताई, तुमची परवानगी असेल तर तुमचा प्रतिसाद माझ्या शाळेतल्या मुलींना वाचून दाखवेन.

धावती_राधा
नक्की दाखवा.

चांदवडकर
राधाताईंच्या दाराच्या मुद्द्यावर आपल्याकडचं उदाहरण आहे की, आमच्याच तालुक्यातलं. दत्तू भोकनळ, तळेगाव रोहीचा. पाण्याची टंचाई असलेलं गाव, तिथला पोरगा २०१२ ला सैन्यात जातो, पुण्यात रोइंगला लावतात, चार वर्षांत रिओ ऑलिम्पिकला भारताचा एकटा रोअर. २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्ण. त्याला कोणी लहानपणापासून रोइंग शिकवलं नव्हतं, उंची, दम आणि मेहनत बघून उचललं. सैन्याने केलं ते चीनने देशभर केलं असं म्हणा.

तटस्थ
उदाहरण चांगलं आहे. पण एक प्रश्न उरतोच. दत्तू किंवा व्होनेटाने स्वतः ठरवलं. जिथे वरून यादी येते की तू उद्यापासून बॉबस्ले, तिथे खेळाडूला 'नाही' म्हणायची सोय किती असेल? आणि ऑलिम्पिक संपल्यावर, कॅमेरे गेल्यावर, या सगळ्यांचं पुढे काय? हा माझा मूळ आक्षेप आहे, तिच्या कष्टांवर नाही.

शांघायरिटर्न
हा प्रश्न रास्त आहे आणि तिथे राहून मलाही पडलेला. तिथे क्रीडाशाळेत लहानपणीच जातात, त्यामुळे 'खेळ कुठला' हा निर्णय बऱ्याचदा प्रशिक्षकाचा असतो. पण दत्तूच्या बाबतीतही सैन्यात 'लावलं' हाच शब्द चांदवडकरांनी वापरलाय बघा. लावल्यानंतर टिकणं हे मात्र ज्याचं त्यालाच करावं लागतं. पायलटच्या हातात दोऱ्या आल्यावर वर कोणी साहेब नसतो.

यानछिंग मी पाहिलंय, ऑलिम्पिकनंतर. बीजिंगहून वायव्येला, बादालिंगला चीनची भिंत बघायला जातात त्याच बाजूला. कोरडी, झोंबणारी थंडी, बोटं पाच मिनिटांत बधिर. ट्रॅक डोंगरावर आडवातिडवा पसरलाय आणि वर लाकडी छत, लांबून खरंच सरपटणारा ड्रॅगन दिसतो म्हणून 'बर्फाचा ड्रॅगन' असंच नाव आहे. १,९७५ मीटर लांब, १६ वळणं, मध्ये एक ३६० अंशांचं पूर्ण गोल वळण. छत शोभेला नाही, उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्याने ऊन थेट बर्फावर येतं, ते अडवायला.

पुणेरी_फिटर
माझा धंदा रेफ्रिजरेशनचा त्यामुळे यात बोलल्याशिवाय राहवत नाही. तो बर्फ नैसर्गिक नसतो. काँक्रीटच्या नळीच्या पोटात पाइपांचं जाळं, त्यात अमोनिया, आपल्याकडे बर्फाच्या कारखान्यात आणि मोठ्या डेअरीत असतो तोच. वरून माणसं हाताने पाण्याचे फवारे मारून थरावर थर चढवतात, मग पात्याने तासतात. वळणाच्या उभ्या भिंतीवर सगळीकडे सारखी जाडी ठेवणं ही कारागिरी आहे. मी दोन मजली कोल्ड स्टोरेजचं तापमान सगळीकडे सारखं ठेवताना घामाघूम होतो, इथे दोन किलोमीटर!

गारवा
फिटरसाहेब, कोल्ड स्टोरेजमध्ये घामाघूम होणारे तुम्हीच पहिले 😄

इसारकाठी
ट्रॅकवरून आठवलं. आमच्याकडचा क्योनिगझेचा ट्रॅक, कृत्रिम बर्फाचा जगातला सगळ्यात जुना, जुलै २०२१ च्या पुरात वरचा भाग वाहून गेला. जर्मनांकडे तरी आणखी तीन ट्रॅक आहेत. आपल्या शिवा केशवनकडे एकही नव्हता. मनालीच्या रस्त्यावर ल्यूजला (पाठीवर झोपून बर्फावरून खाली यायची छोटी गाडी) चाकं लावून, ट्रक चुकवत सराव करायचा. सहा ऑलिम्पिक, १९९८ ते २०१८. तोही कधी मेडलजवळ गेला नाही, पण तुम्ही त्याचं करिअर अयशस्वी म्हणाल का?

तटस्थ
केशवनला नाही म्हणणार. तो एकटा होता, मागे काही नव्हतं.

हिमशिखर
मग फरक फक्त मागे असलेल्या पैशाचा झाला. पैसा ट्रॅक बांधतो, कोच आणतो. चीनने पियर ल्यूडर्सला आणलं, १९९८ नागानोला दोघांच्या बॉबमध्ये शंभराव्या भागापर्यंत इटलीच्या जोडीइतकीच वेळ येऊन दोघांना सुवर्ण मिळालं होतं तोच. पण मोनोबॉबमध्ये गाडी सगळ्यांची एकाच बनावटीची असते, तिथे महागड्या तंत्रज्ञानाने पुढे जाता येत नाही. उरते ती धाव आणि हात.

रेवती के
थोडं अवांतर. पुरुषांना दोघांची आणि चौघांची बॉब, बायकांना २०१८ पर्यंत फक्त दोघींची. बरोबरी करायची म्हणून २०२२ ला मोनोबॉब दिलं, चौघींची का नाही दिली?

हिमशिखर
चौघींची टीम जमवणं थोड्याच देशांना परवडतं. मोनोबॉबमुळे नायजेरिया, जमैकाच्या बायका उतरू शकल्या. नाराज होत्या काही जणी, ज्या मागे बसून ढकलतात त्यांना मोनोबॉबमध्ये जागाच नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ह्वाईला मात्र याच प्रकारामुळे एकटीला, कोणाच्या आडोशाशिवाय दिसता आलं.

कोल्हापुरी_रस्सा
सगळे प्रतिसाद वाचले. राधाताईंचा वाचून गप्प झालो. माझी पुतणी गोळाफेक करते, तिची उंची कमी पडते म्हणून घरात सगळे हळहळतात. तिला ती मोनोबॉबची क्लिप पाठवली आत्ता.

चांदवडकर
रस्सासाहेब, लिंक इथेपण टाका.

तटस्थ
मुक्ताताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं माझ्याकडून. यशस्वी. घरच्या ट्रॅकचं वजन मी अजूनही काढणार नाही, पण बैलाचं उदाहरण मागे घेतो. पहिल्या पिढीत सहावा नंबर म्हणजे पुढच्या पोरींना 'आपल्यातली सहावी आली होती' असं सांगता येतं, आणि खेळात ते फार लागतं. व्यवस्थेबद्दलचा प्रश्न उभाच ठेवतो.

मुक्ता_सांगली
ठेवाच, तो पडायलाच हवा.

आज शाळेत राधाताईंचा प्रतिसाद वाचला. मग ग्राउंड वाळलं होतं म्हणून बाहेर काढल्या पोरींना. जुना लोखंडी रोलर आहे आमचा, पिचवर फिरवायचा, तो खो-खोवाली एकटी ढकलायला लागली. चार पावलं गेला. दुसरी म्हणाली मी पाच नेते. अर्धा तास तेच चाललं होतं, मी शिट्टी वाजवलीच नाही. नऊ पावलांचा रेकॉर्ड आहे सध्या, उद्या मोजायला टेप न्यायचा आहे.